घर नसलेल्या बाईची पाळी

पाळीच्या दिवसांत स्वच्छता कशी राखावी हे सांगणारी कोणतीही पुस्तिका उघडा. रोज आंघोळ करावी. कपडा किंवा पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावे. कपडा आधी थंड पाण्यात, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. पॅड असल्यास कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावे. हात साबणाने धुवावेत. सल्ला बरोबरच आहे. आम्ही डॉक्टर मंडळीही दवाखान्यात तोच देतो. परंतु नीट पाहिले तर यातल्या प्रत्येक वाक्यात एक घर गृहीत धरलेले आहे. आंघोळ म्हटली की मोरी आली. बदलणे म्हटले की दाराला कडी आली. धुणे म्हटले की नळ आला, निदान बादलीभर पाणी आले. वाळवणे म्हटले की अंगण आणि दोरी आली. ज्या बाईजवळ यातले काहीच नाही, तिने काय करावे याचे उत्तर त्या पुस्तिकेत सापडत नाही.

आजचा लेख अशा बायकांविषयी आहे. सकाळच्या चहाबरोबर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण पाळी घर बघून येत नाही. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून ते पंचेचाळीस-पन्नाशीपर्यंत, साधारण २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने, दोन ते सात दिवस ती येतच राहते. बाई उघड्यावर झोपते म्हणून शरीर तिला सवलत देत नाही. आणि या बायका आपल्याच गावात, आपल्या रोजच्या वाटेवर आहेत.

या बायका कोण?

बेघर म्हटले की आपल्याला मुंबईचा फूटपाथ आठवतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली, त्यांपैकी सुमारे २ लाख १० हजार एकट्या महाराष्ट्रात होती. रस्त्याच्या कडेला, उड्डाणपुलाखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या आवारात, मोठ्या ह्यूम पाइपांत राहणाऱ्यांची ही गणती. ती सगळी मोठ्या शहरांतलीच होती असे समजू नये.

आपल्या गावात एक फेरी मारून बघा. एसटी स्टँडच्या कठड्यापाशी गाठोडे घेऊन बसलेली, नवऱ्याने टाकलेली बाई दिसेल. पुलाखाली पाल ठोकून राहिलेली भटकी कुटुंबे दिसतील, त्यांत दोन-तीन वयात आलेल्या मुली असतील. वीटभट्टीवर पाचट आणि प्लास्टिकच्या आडोशाला राहणाऱ्या बायका आहेत. ऊसतोडीच्या हंगामात शिवारात कोप्या उभ्या राहतात. या शेवटच्या दोघींचे गावाकडे एखादे घर असतेही, पण वर्षातले सहा महिने त्या घराचा त्यांना काही उपयोग नसतो. आणि डोके ठिकाणावर नसल्यामुळे रस्त्याने फिरणारी एखादी बाई जवळपास प्रत्येक गावात असते. तिच्या लुगड्यावर डाग दिसला की आपण मान वळवून पुढे जातो.

घरदार असलेल्या बाईवरही ही वेळ येऊ शकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा चांगल्या बांधलेल्या घरांतल्या बायका शाळांच्या वर्गांत येऊन राहिल्या. अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलेल्या बाईला त्याच दिवशी पाळी आली तर काय, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांना पहिल्यांदा कळला. स्टँडवरच्या बाईला तो दर महिन्याला पडतो.

अंधाराची वाट पाहणे

दवाखान्यात आलेल्या अशा एका बाईला मी विचारले, "कपडा दिवसातून किती वेळा बदलतेस?" ती म्हणाली, "एकदाच, बाई. अंधार पडल्यावर."

या एका उत्तरात सगळे आले. तिच्याजवळ कपडा होता. जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या तिने जपून ठेवल्या होत्या. अडचण कपड्याची नव्हती, जागेची होती. दिवसा सगळीकडे माणसे. स्टँडवरच्या संडासात जावे तर दर वेळी पैसे मोजायचे. पैसे दिले तरी आत कडी नाही, एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने काय काय करणार? टाकीत पाणी असेल याची खात्री नाही. म्हणून सकाळी घेतलेला कपडा ती रात्रीपर्यंत तसाच ठेवी. दिवसभर पाणीही पीत नसे. "पाणी प्यायले की जावे लागते," हे तिचे म्हणणे. ती माझ्याकडे आली होती ती लघवीच्या जळजळीसाठी.

रात्री अंधारात जायचे तर दुसरी भीती. दारू पिऊन फिरणारे असतात, कुत्री असतात. एकटी बाई अंधारात आडोसा शोधते आहे हे हेरणारे लोक असतात. वयात आलेल्या मुलीला आई एकटी पाठवत नाही. मग दोघी-तिघी मिळून जातात, नाहीतर मुलगी तशीच बसून राहते.

रूढीही आड येते. अनेक निराधार बायका देवळाच्या ओवरीत किंवा पायऱ्यांशी झोपतात, कारण तिथे दिवा असतो आणि चार माणसांची जाग असते. पाळीच्या दिवसांत मात्र देवळात जाऊ नये, ही शिकवण त्यांच्याही अंगी मुरलेली आहे. कोणी हाकलले नाही तरी त्या आपणहून उठून अंधाऱ्या जागी जातात. म्हणजे ज्या चार दिवसांत सुरक्षित जागेची सर्वांत जास्त गरज, त्याच चार दिवसांत ती सुटते. शिवाशिवीविषयी घरात बसून वाद घालणे वेगळे आणि त्यापायी पौषातल्या थंडीत दिव्याखालची जागा सोडणे वेगळे. पाळीचे रक्त अपवित्र नसते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तो स्राव असतो आणि एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलीलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, एवढेच रक्त जाते. देवळाच्या विश्वस्त मंडळींनी एवढे जरी त्या बायकांना मोकळेपणी सांगितले, "बाई, तू इथेच झोप," तर पुण्याचेच काम होईल.

आजार कसा जडतो

ओला कपडा तासन् तास अंगाशी राहिला की आधी मांड्या खरचटतात. चालताना आग होते. त्या ओल्या, बंद जागेत बुरशी वाढते, जांघेत नायटा उठतो, खाज सुटते. कपडा नीट न धुता, प्लास्टिकच्या खाली किंवा गाठोड्यात दडवून अर्धवट ओला वाळवला तर तो पुन्हा वापरताना जंतूंसह अंगाशी येतो. योनिमार्गातले चांगल्या-वाईट जंतूंचे संतुलन बिघडले तर पांढरे पाणी जाऊ लागते, त्याला घाण वास येतो. पाणी न पिणे आणि लघवी दाबून ठेवणे यांमुळे मूत्रमार्गाचा दाह होतो, तो वेळीच थांबला नाही तर मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो.

ओडिशात या विषयावर एक चांगला अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४८६ बायका होत्या. पुन्हा पुन्हा धुऊन कपडा वापरणाऱ्या बायकांत अशा संसर्गाचे प्रमाण पॅड वापरणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरात स्वच्छतेसाठी स्वतंत्र जागा होती, त्यांच्यात योनिमार्गाच्या संसर्गाचे प्रमाण कमी होते. म्हणजे कपडा की पॅड यावरच सगळे अवलंबून नाही. धुण्या-बदलण्याची जागा हेही एक औषधच आहे.

त्यात रक्तक्षयाची भर पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. घरात दोन वेळा जेवणाऱ्यांची ही गत, तर मिळेल ते खाऊन राहणाऱ्या बाईची काय असेल? अशा बाईला पाळीत थोडे जास्त रक्त गेले तरी तिला चक्कर येते, धाप लागते. उलट काही जणींची पाळी उपासमारीमुळे बंदही पडते. "बरे झाले, कटकट गेली," असे त्या म्हणतात. पण वजन फार घटल्यामुळे पाळी थांबणे ही शरीराची धोक्याची सूचना असते आणि दिवस राहिले असण्याची शक्यताही तपासावी लागते. रस्त्यावर राहणाऱ्या बाईच्या बाबतीत ते दिवस कसे राहिले हा प्रश्नही विचारावा लागतो. तो कोणापुढे न विचारता एकांतात, तिचा धीर सांभाळून विचारावा.

उसाच्या फडातला धडा

जागा आणि पाणी न दिल्याची किंमत किती मोठी असू शकते हे आपल्या राज्याला बीड जिल्ह्याने दाखवून दिले. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी माहिती दिली की त्याआधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ १७. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात शंभरात साधारण ३ होते.

हे कसे झाले? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीच्या नावाने घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. दिवाळीच्या सुमारास निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. कोपीला दार नाही, मोरी नाही, संडास नाही. पाणी लांबून आणायचे. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहायच्या, ट्रक आला की रात्री भरायचा. या सगळ्यात पाळीचा कपडा बदलायचा कुठे आणि वाळवायचा कुठे? पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर मोडते. औषध घेतले तरी राहणीमान तेच, म्हणून दुखणे पुन्हा उलटते. शेवटी कोणीतरी म्हणते, "पिशवीच काढून टाक, कायमची सुटशील." कॅन्सरची भीती घातली जाते. दोन-तीन मुले झालेलीच असतात. बाई कर्ज काढून ऑपरेशन करून घेते.

या शस्त्रक्रियांमागे कारणे अनेक होती. पैशाच्या लोभाने झालेल्या शस्त्रक्रिया होत्या, काही गरजेच्याही असतील. पण एक गोष्ट लपत नाही. साधा जंतुसंसर्ग औषधांनी आणि स्वच्छ पाण्याने बरा होतो, त्याला पिशवी काढणे हा उपाय नव्हे. तरुणपणी पिशवी काढली तर अंडाशय शाबूत असले तरी त्यांचे काम अलीकडे थांबण्याची शक्यता वाढते. अंडाशयही काढले तर अंगाची आग, हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकाराचा धोका हे सगळे मागे लागते. ज्या बाईचे पोट अंगमेहनतीवर चालते तिची हाडे चाळिशीतच कमजोर झाली तर तिने पुढची वीस वर्षे काढायची कशी? फडाशेजारी चार ताट्यांची एक न्हाणी आणि पाण्याचा एक टँकर यांवर जो खर्च आपण केला नाही, तो त्या बायकांनी शरीराने भरला.

नुसते पॅड वाटून भागत नाही

दरवर्षी २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी संस्था, मंडळे पॅडचे पुडे वाटतात, छायाचित्र छापून येते. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पॅडविषयी सरकारनेही काही चांगली पावले उचलली. २०१८ च्या जुलैमध्ये पॅडवरील जीएसटी रद्द झाला. २०१९ च्या ऑगस्टपासून जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' नावाचे पॅड एक रुपयाला मिळू लागले. हे सर्व उपयोगीच आहे. परंतु रस्त्यावरच्या बाईच्या बाजूने विचार केला तर काही गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट, पॅड चिकटवायला आत निकर लागते. कित्येक गरीब बायकांकडे ती नसते. त्या कमरेला नाडी बांधून तिच्यात कपड्याची घडी अडकवतात. त्यांना दिलेला पुडा तसाच राहतो किंवा विकला जातो. दुसरी गोष्ट, पुडा कोरडा ठेवायला जागा हवी. पावसात गाठोडे भिजते. स्वच्छता मोहिमेत पथक येते आणि गाठोडे कचऱ्याच्या गाडीत टाकून नेते, त्यात तिच्या जपून ठेवलेल्या घड्याही जातात. तिसरी गोष्ट, वापरलेले पॅड टाकायचे कुठे? ओढ्यात टाकावे तर लोक ओरडतात, उघड्यावर टाकावे तर कुत्री ओढतात. चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट, पुडा महिन्याभरात संपतो, पाळी पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

अलीकडे रबरासारख्या सिलिकोनच्या कपाविषयीही विचारले जाते. घरात राहणाऱ्या बाईला तो सोयीचा पडू शकतो, काही वर्षे टिकतो. पण तो बसवताना हात स्वच्छ हवेत आणि पाळीच्या सुरुवातीला तो उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक करावा लागतो. तीन दगडांची चूल रोज वेगळ्या जागी मांडणाऱ्या बाईला तो देताना याचा विचार करावा.

ज्यांना काही द्यायचेच आहे त्यांनी नुसता पुडा न देता एक छोटी पिशवी तयार करावी. तिच्यात दोन गडद रंगाच्या निकर, धुतलेल्या मऊ सुती कापडाच्या सहा घड्या, पॅडचा एक पुडा, साबणाची वडी, एक तांब्या आणि घट्ट झाकणाचा डबा असावा. कपडा की पॅड हे तिला ठरवू द्यावे. जिथे पाणी नाही तिथे पॅड बरे, जिथे पाणी आणि ऊन आहे तिथे कपडाही तितकाच चांगला. घरातल्या जुन्या सुती साड्या, चादरी यासाठी उत्तम. दिल्लीतून १९९९ साली सुरू झालेली 'गूंज' ही संस्था जुन्या सुती कापडापासून घड्या शिवून त्या गरजू बायकांपर्यंत पोहोचवते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या गावच्या महिला मंडळालाही महिन्यातली एक दुपार यासाठी काढणे अवघड नाही.

गावाने काय करावे

माझे म्हणणे असे, की गावाने आधी जागा द्यावी, पॅडचा विचार त्यानंतर करावा. नवी इमारत बांधण्याची गरज नाही. एसटी स्टँडवर, बाजारतळावर, नगरपरिषदेच्या कार्यालयाजवळ, देवस्थानापाशी संडास-न्हाणी आधीच आहेत. त्यांतली निदान एक जागा बायकांसाठी अशी असावी: दाराला आतून बसणारी कडी, आत दिवा, भिंतीला कपडे अडकवायला खुंटी, नळाला पाणी आणि एक बादली, झाकणाचा डबा. रात्रीही ती उघडी असावी आणि तिथे बाईकडून पैसे घेऊ नयेत. पुरुष मुतारीत फुकट जातात आणि बायकांना पैसे पडतात, हा अन्याय मुंबईतल्या संस्थांनी २०११ साली 'राइट टू पी' या मोहिमेतून वेशीवर टांगला होता. लहान गावांत तो अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. जागेची देखभाल करणारी बाई नेमली तर एका गरजू स्त्रीला कामही मिळेल.

कपडे वाळवण्यासाठी त्या जागेच्या मागे ऊन येईल अशा ठिकाणी ताटीच्या आड एक दोरी बांधावी. सूर्यप्रकाशाला पैसे पडत नाहीत, फक्त लाज आड येते, आणि लाजेवर एक ताटी पुरते.

"अशी सोय केली तर या बायका तिथेच ठाण मांडतील," असा आक्षेप मी ऐकला आहे. त्या आजही तिथेच आहेत. फरक एवढाच पडेल की त्या तिथे आजारी न पडता राहतील आणि स्टँडचा परिसरही स्वच्छ राहील. दुसरा आक्षेप असा, की खरे उत्तर घर हेच आहे. हे मला शंभर टक्के मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा उभारण्याचे आदेश दिले होते. तालुक्याच्या गावात मात्र असा निवारा क्वचितच दिसतो. तो मागायलाच हवा, आणि त्यात बायकांसाठी वेगळी खोली व वेगळी मोरी मागायला हवी. पण घरकुलाच्या यादीत नाव लागेपर्यंत किती पाळ्या येऊन जातील याचा हिशेब करावा आणि तोवर कडी तरी बसवावी.

ऊसतोड आणि वीटभट्टीच्या बाबतीत जबाबदारी मजूर आणणाऱ्याची आहे. कारखाना, मुकादम, भट्टीमालक यांनी वस्तीवर ताट्यांची न्हाणी आणि पाणी दिल्याशिवाय वस्ती बसवू नये. ग्रामपंचायतीने हे पाहावे. २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत गावातल्या मुलींना सहा पॅडचा पुडा सहा रुपयांना देण्याची योजना आली, पण कोपीतली किंवा पालातली मुलगी त्या गावच्या कोणत्याच यादीत नसते. हंगामात आशाताईंनी त्या वस्तीवर एक फेरी मारावी आणि आरोग्य केंद्राने लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या तिथेही द्याव्यात. गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर घ्यावी.

मानसिक आजार असलेल्या, रस्त्याने फिरणाऱ्या बाईविषयी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा व्यक्तीला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यामुळे पोलीस ठाण्यात कळवायला संकोच करू नये. अहिल्यानगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी 'माउली' संस्थेत अशाच बायकांना आसरा दिला आहे. तेथे नेता येईपर्यंत गावातल्या दोघी-तिघींनी मिळून तिला आंघोळ घालणे, कोरडे कपडे देणे एवढे केले तरी पुष्कळ झाले.

केव्हा दवाखान्यात पाठवावे

तुमच्या दुकानासमोर, शेतावर, देवळापाशी अशी बाई असेल तर पुढील लक्षणांत तिला सरकारी दवाखान्यात नक्की पाठवा. तासाभरात पॅड किंवा घडी पूर्ण भिजत असेल. आठ दिवसांहून जास्त रक्त जात असेल. रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले असेल. घाण वासाचे पांढरे पाणी, त्यासोबत ताप आणि ओटीपोटात दुखणे असेल. लघवीला जळजळ होऊन थंडी वाजत असेल. पाळी चुकली असेल किंवा बरेच महिने बंद असेल. आणि कोणी "पिशवी काढ" असे सांगितले असेल, तर आधी जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला लावावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले, हेही तिला सांगावे. पुष्कळ बायका पैशाच्या आणि कागदपत्रांच्या भीतीने येतच नाहीत. शक्य असेल तर घरातल्या बाईने तिच्यासोबत जावे. केसपेपरच्या खिडकीशी सोबतीला कोणी असले की तिला धीर येतो.

एक काम मात्र या आठवड्यातच करण्यासारखे आहे. आपल्या गावच्या स्टँडवरचा बायकांचा संडास घरातल्या बाईमाणसाने एकदा आत जाऊन पाहावा. कडी लागते का, दिवा लागतो का, नळाला पाणी आहे का, डबा आहे का, पैसे किती घेतात, रात्री कुलूप असते का, एवढे सहा प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे आगारप्रमुखांना आणि नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना सहीनिशी द्यावीत. अर्जाची पोच मागून घ्यावी आणि महिन्याने पुन्हा जाऊन पाहावे.